घाऱ्या डोळ्याचा रंग का बदलला?

आपण असे समजू या की तुम्ही मसुऱ्याला गेला आहात. मालवण तालुक्यातले हे गाव गडनदीच्या काठाने पसरले आहे. एका अंगाला भरतगडाची टेकडी, खाली भाताचे कुणगे आणि माडांच्या बागा. मुंबईकरांना हे गाव ठाऊक असते ते मुख्यतः त्याच्या आंगणेवाडीत भरणाऱ्या भराडी देवीच्या जत्रेमुळे. अशाच एका जत्रेला मुंबईहून आलेली नात आपल्या सत्तरीच्या आजोबांशेजारी ओटीवर बसली आहे. सकाळचे कोवळे ऊन आजोबांच्या तोंडावर पडले आहे. ती एकदम म्हणते, "आजोबा, तुमचो एक डोळो घारो आणि एक काळो कसो?"

आजोबांचे दोन्ही डोळे जन्मापासून घारे. आता आरशात पाहतात तो काय, डावा डोळा तसाच घारा आहे, पण उजव्याचा रंग गडद तपकिरी झालेला! गेली दीड वर्षे याच उजव्या डोळ्यात ते रोज रात्री काचबिंदूच्या औषधाचा एक थेंब घालीत होते. शेजारी जमले आणि निकालही लागला : "औषधान डोळो जळलो." आजोबांनी बाटली उचलून कोनाड्यात ठेवली ती कायमचीच.

गोष्ट कल्पनेतली असली तरी डोळ्याच्या रंगातला हा बदल खरा आहे. जगभरच्या नेत्रतज्ज्ञांना तो १९९० नंतरच्या दशकापासून माहीत आहे. डोळा मात्र जळलेला नव्हता. मग झाले काय होते? आणि बाटली कोनाड्यात गेली हे बरे झाले की वाईट?

कुणग्याचे पाणी

आधी काचबिंदू म्हणजे काय ते पाहू. खेडेगावात मोतीबिंदू आणि काचबिंदू यांची पुष्कळदा गल्लत होते. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. ते शस्त्रक्रियेने काढून कृत्रिम भिंग बसविले की पुन्हा दिसू लागते. काचबिंदूची जात वेगळी. त्यात डोळ्यापासून मेंदूकडे संदेश नेणारा मज्जातंतूंचा जुडगा हळूहळू मरत जातो, आणि मेलेला तंतू पुन्हा जिवंत करण्याचा उपाय अजून कोणालाही सापडलेला नाही.

हे तंतू मरण्याचे मुख्य कारण म्हणजे डोळ्यातील वाढलेला दाब. बुबुळावरील पारदर्शक पटल आणि आतले भिंग यांच्यामधल्या जागेत पाण्यासारखा एक द्रव खेळत असतो. त्याला नेत्रजल म्हणू. अश्रूंशी याचा काही संबंध नाही, अश्रू बाहेरचे आणि हे आतले. भिंगाभोवतीच्या रोमक पिंडात ते तयार होते. दर मिनिटाला अवघे दोन-अडीच घनमिलिमीटर, म्हणजे दिवसभरात चहाचा एक चमचासुद्धा भरणार नाही एवढेच! पण जागाही लहानच असल्यामुळे दीड-दोन तासांत तेथील सगळे पाणी बदलले जाते. जितके येते तितकेच बाहेर गेले की दाब योग्य राहतो. साधारणपणे तो पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर स्तंभाइतका असतो.

मसुऱ्याच्या मुलांना हे समजायला फार अवघड जाऊ नये. भाताच्या कुणग्यात वरून पाणी येते. त्याला बाहेर जायला दोन वाटा असतात. एक म्हणजे मेरेला पाडलेले तोंड, त्यातून पाणी खळाळत खालच्या कुणग्यात उतरते. दुसरी वाट सहसा आपल्या लक्षात येत नाही : मेरेच्या मातीतूनच थोडे पाणी सावकाश झिरपून जाते. डोळ्यातही अगदी असेच आहे. बुबुळाच्या कडेच्या कोनात चाळणीसारखी एक जाळी असते, ते मेरेचे तोंड. आणि रोमक पिंडातील स्नायूंच्या धाग्यांमधून थोडे नेत्रजल झिरपत बाहेर पडते, ती झिरपण्याची वाट. काचबिंदूच्या नेहमी आढळणाऱ्या प्रकारात जाळीतून पाणी नीट उतरत नाही. तोंड गाळाने बुजले की कुणगा तुंबतो, तसा डोळा आतून तुंबतो.

दुखत मात्र काहीच नाही, आणि हीच मोठी अडचण आहे. नजर आधी कडेने जाते. समोरचे अक्षर वाचता येते, माणूस ओळखू येतो, आणि एका डोळ्याला जे दिसत नाही ते दुसरा भरून काढतो. म्हणून रोग्याला वाटते, आपले ठीक चालले आहे. भारतात चाळिशी ओलांडलेल्या १ कोटीहून अधिक लोकांना काचबिंदू असावा असा तज्ज्ञांचा अंदाज आहे, आणि दक्षिण भारतातील पाहण्यांत असे दिसून आले की ज्यांना हा रोग होता त्यांपैकी बहुतेकांना त्याचा पत्ताच नव्हता.

तुंबलेल्या कुणग्याला उपाय तीन. येणारे पाणी कमी करा, तोंड मोकळे करा, किंवा मेरेतून जास्त झिरपू द्या. औषधांचा इतिहासही याच तीन वाटांनी गेला आहे. ब्राझीलमधील जाबोरँडी नावाच्या झुडपाच्या पानांपासून मिळणारे पायलोकार्पीन १८७० नंतरच्या दशकात काचबिंदूवर वापरात आले. ते स्नायू आवळून जाळीची छिद्रे ताणते, म्हणजे तोंड मोकळे करते. पण त्याने बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी बारीक होते आणि दिवसातून तीन-चार वेळा थेंब घालावे लागतात. १९७८ मध्ये अमेरिकेत टिमोलॉल आले. ते येणारे पाणी कमी करते, पण दमा असलेल्या माणसाला ते चालत नाही, कारण डोळ्यातून नाकात आणि तेथून रक्तात शिरलेला एवढासा थेंबही त्याच्या श्वासनलिका आवळू शकतो. तिसरी वाट, मेरेतून झिरपविण्याची, बराच काळ कोणाच्या डोक्यात आली नव्हती.

एक उलटे निघालेले औषध

१९३० नंतरच्या दशकात स्वीडनचे शास्त्रज्ञ उल्फ फॉन ऑयलर यांना वीर्यात एक नवा पदार्थ सापडला. तो प्रोस्टेट ग्रंथीतून येतो अशा समजुतीने त्यांनी त्याला प्रोस्टाग्लँडिन असे नाव दिले. समजूत चुकीची होती, नाव तेवढे कायम राहिले. पुढे असे दिसून आले की शरीराच्या जवळजवळ सर्वच पेशी ही रसायने बनवितात. जखम झाली की लाली, सूज आणि वेदना येतात त्यांत यांचा हात असतो. या संशोधनाबद्दल सून बर्गस्ट्रम, बेंग्ट सॅम्युएल्सन आणि जॉन व्हेन यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

डोळ्यात प्रोस्टाग्लँडिन घातले तर डोळा लाल होतो आणि दाब वाढतो, असे प्रयोगांवरून सगळे मानीत. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील लास्लो बिटो यांना ते पटेना. हे गृहस्थ मूळचे हंगेरीचे. तरुणपणी त्यांना कोळशाच्या खाणीत सक्तीने राबावे लागले होते आणि १९५६ च्या उठावानंतर ते देश सोडून अमेरिकेत आले होते. त्यांचा तर्क असा, की शरीर जे रसायन स्वतः रोज बनविते ते फक्त अपाय करण्यासाठी बनवील कसे? कदाचित आपण मात्राच अवाच्या सवा देत असू. त्यांनी आणि कार्ल कॅमरस या तरुण सहकाऱ्याने सशांच्या डोळ्यांवर अगदी थोड्या मात्रेने प्रयोग केले. दाब वाढण्याऐवजी चक्क उतरला! हा निबंध १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुष्कळांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. मला स्वतःला या साऱ्या इतिहासातला हा भाग सर्वांत आवडतो, कारण येथे नवे यंत्र नव्हते की नवे रसायन नव्हते. मात्रा कमी करून पाहण्याची बुद्धी तेवढी नवी होती.

अडचण उरली ती डोळ्याच्या लालीची. स्वीडनमधील उप्साला येथे योहान शेर्नशांट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोस्टाग्लँडिनच्या रेणूची शेपटी बदलून तिच्यावर बेंझीनचे कडे बसविले. दाब उतरविण्याचा गुण राहिला आणि लाली पुष्कळच कमी झाली. हेच लॅटॅनोप्रॉस्ट. १९९६ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. आज भारतातल्या अनेक कंपन्या ते बनवितात. रोमक पिंडातील स्नायूंच्या धाग्यांमध्ये जो चिवट भराव असतो तो हे औषध विरळ करते. मेर थोडी भुसभुशीत होते आणि पाणी जास्त झिरपते, असे म्हणा ना. रात्री एकच थेंब पुरतो. आणि तो तरी केवढा? त्यात औषधाचा अंश सुमारे दीड मायक्रोग्रॅम. हिशेब करून पाहा : दोन्ही डोळ्यांत वर्षभर रोज थेंब घातला तरी एकूण औषध एक मिलिग्रॅमच्या आसपासच होते. साखरेचे एक-दोन दाणे ठेवले तर तेही तेवढेच भरतील.

डोळ्याला रंग कोठून येतो?

औषधाच्या दीर्घ चाचण्या माकडांवर चालू असताना संशोधकांना असे आढळले की औषध घातलेला डोळा गडद होत आहे. पुढे माणसांवरील चाचण्यांतही तेच दिसले. हे समजण्यासाठी आता बुबुळाच्या रंगाकडे वळू या.

बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला परितारिका म्हणतात. तिच्या मागच्या बाजूला काळ्याकुट्ट रंगाच्या पेशींचा एक थर असतो. तो निळ्या डोळ्याच्या युरोपीय मुलातही असतो आणि काळ्या डोळ्याच्या मसुऱ्याच्या मुलातही असतो. फरक पडतो तो पुढच्या भागात. तेथे बारीक पांढुरक्या तंतूंचे जाळे असते आणि त्यात मेलॅनीन नावाचे तपकिरी रंजकद्रव्य बनविणाऱ्या पेशी विखुरलेल्या असतात. मेलॅनीन भरपूर असेल तर डोळा काळा-तपकिरी दिसतो. अगदी थोडे असेल तर डोळा निळा दिसतो, पण गंमत अशी की त्या डोळ्यात निळा रंग मुळीच नसतो!

हे घरी करून पाहता येईल. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात दुधाचे चार-पाच थेंब टाका. पेल्यामागे काळा कागद धरा आणि अंधाऱ्या खोलीत बाजूने विजेरीचा झोत सोडा. पाण्याला निळसर झाक दिसेल. दुधाचे सूक्ष्म कण निळा प्रकाश इतर रंगांपेक्षा जास्त विखुरतात, आकाशात हवेचे रेणू विखुरतात तसाच. काळा कागद म्हणजे परितारिकेचा मागचा थर आणि दुधाचे कण म्हणजे तिच्यातले तंतू. आता याच पाण्यात कोऱ्या चहाचे थेंब एकेक करून टाकीत जा. निळसर झाक मावळेल आणि तपकिरी छटा चढू लागेल.

घारा डोळा या दोहोंच्या मधला. त्यात मेलॅनीन आहे, पण बेताचे, आणि तेही सर्वत्र सारखे नाही. नीट पाहिलेत तर बाहुलीभोवती तपकिरी कडे आणि बाहेर हिरवट, करडा किंवा मधासारखा रंग अशी मिसळ दिसते. कोकणात असे डोळे पुष्कळ. चित्पावनांचे घारे डोळे प्रसिद्धच आहेत, पण ते काही त्यांचीच मिरास नाहीत, इतर घरांतूनही आढळतात. आणि नेमक्या अशाच मिश्र रंगाच्या डोळ्यांवर या औषधाचा परिणाम सर्वांत जास्त दिसतो. काळ्याभोर डोळ्यात आधीच इतके मेलॅनीन असते की थोडी भर पडली तरी कळत नाही. म्हणूनच आपल्याकडे हे औषध घेणाऱ्या बहुसंख्य लोकांच्या लक्षातही काही येत नाही. युरोपात व अमेरिकेत मात्र ते चटकन लक्षात येते. पाच वर्षे चाललेल्या एका अभ्यासात सुमारे एकतृतीयांश रोग्यांच्या बुबुळाचा रंग गडद झाल्याचे आढळले. ज्यांच्यात बदल झाला त्यांतल्या बहुतेकांत तो पहिल्या वर्षाच्या आतच दिसू लागला होता.

रंग जातो कोठे आणि राहतो कोठे

कापलेला बटाटा उघडा ठेवला की काळा पडतो, हे स्वयंपाकघरात तुम्ही पाहिले असेल. बटाट्यात टायरोसीन नावाचे द्रव्य असते. एका विकराच्या मदतीने हवेतील ऑक्सिजनशी त्याचा संयोग होतो आणि शेवटी काळपट रंग बनतो. आपल्या रंजक पेशींतही मेलॅनीन टायरोसीनपासूनच बनते. तेथील विकराला टायरोसिनेज म्हणतात. लॅटॅनोप्रॉस्ट या विकराचे काम वाढविते. परिणामी प्रत्येक पेशी पूर्वीपेक्षा जास्त मेलॅनीन बनवून स्वतःत साठविते. बाहुलीभोवतीचे तपकिरी कडे हळूहळू बाहेरच्या बाजूस पसरत जाते.

येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्या. पेशींची संख्या वाढत नाही, पेशींतला रंग तेवढा वाढतो. सुरुवातीला तज्ज्ञांनाही धास्ती होती की हा कर्करोगाचा आरंभ तर नसेल ना. म्हणून परितारिकेचे सूक्ष्म तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यात आले. पेशी बेसुमार वाढत असल्याची खूण मिळाली नाही, आणि पंचवीसहून अधिक वर्षांच्या वापरातही कर्करोगाशी या औषधाचा संबंध सिद्ध झालेला नाही. दुसरी शंका अशी होती की हे रंगाचे कण सुटून जाळीत अडकले तर दाब उलट वाढेल. पण जाळीत तसा गाळ साचल्याचेही आढळले नाही. नजरेचे म्हणाल तर प्रकाश आत शिरतो तो बाहुलीतून. पडद्याचा रंग बदलल्याने खिडकीचे भोक काही लहान होत नाही.

मग औषध थांबविले तर रंग पूर्ववत होतो का? नाही. आणि याचे कारण मोठे मजेदार आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत समुद्रावर हुंदडून तुम्ही काळवंडता आणि पावसाळ्यात पुन्हा उजळता. याचे कारण असे की त्वचेतील रंजक पेशी आपले मेलॅनीन शेजारच्या पेशींना वाटून टाकतात. त्या पेशी वर सरकत जातात आणि शेवटी मळाबरोबर गळून पडतात. परितारिकेतील पेशी असे दान करीत नाहीत. त्या बनविलेले मेलॅनीन स्वतःजवळच ठेवतात आणि त्या स्वतःही गळून पडत नाहीत. एकदा साठलेला रंग तेथेच राहतो. औषध बंद केले की पुढची वाढ थांबते इतकेच.

या औषधाने पापण्यांची कातडीही काळसर होऊ शकते. ती मात्र त्वचाच असल्यामुळे औषध थांबविल्यावर काही महिन्यांत उजळते. पापण्यांचे केस लांब, दाट आणि काळे होतात. हा परिणाम तर इतका ठळक होता की याच कुळातील बिमॅटोप्रॉस्ट या औषधाला २००८ मध्ये अमेरिकेत केवळ पापण्यांचे केस वाढविण्यासाठी वेगळी परवानगी देण्यात आली. एकाचा दुष्परिणाम तो दुसऱ्याचा शृंगार! डोळ्याभोवतीची चरबी कमी होऊन डोळा किंचित खोल गेल्यासारखा दिसणे, हाही एक परिणाम पुढे लक्षात आला. रंग बदलविणारे हे पहिलेच औषध आहे असेही नाही. पूर्वी काचबिंदूवर ॲड्रिनॅलिनचे थेंब देत. त्याचे हवेने विघटन होऊन पापणीच्या आतल्या अस्तरावर काळे ठिपके साचत. त्या ठिपक्यांना गाठ समजून डॉक्टरही फसल्याच्या नोंदी आहेत.

कोनाड्यातली बाटली

आता आजोबांकडे परत येऊ. औषध थांबले तेव्हा त्यांच्या डोळ्यात काय झाले? रंग होता तसाच राहिला. स्नायूंमधला भराव पुन्हा दाटत गेला, मेर घट्ट झाली आणि काही आठवड्यांत दाब पूर्वीच्या पातळीवर जाऊन पोचला. आजोबांना काहीच जाणवले नाही. आतमध्ये मात्र तंतू मरू लागले. म्हणजे ज्या बदलाने काही बिघडत नव्हते तो टाळण्यासाठी त्यांनी न भरून येणारे नुकसान पत्करले होते, आणि तो बदलही काही टळला नाही.

दोष सगळा आजोबांचाच असेही म्हणता येणार नाही. एकाच डोळ्यात औषध घालायचे असेल आणि डोळे घारे असतील तर दोन डोळे दोन रंगांचे दिसतील, हे आधीच सांगितलेले बरे असते. कोणी ते सांगितले असते तर शेजाऱ्यांचा निकाल ऐकण्याची पाळी आली नसती. रंग खुपत असेल तर टिमोलॉलसारखी दुसऱ्या जातीची औषधेही आहेत. पण बदल करायचा तो डोळ्याच्या डॉक्टरांना विचारून, स्वतः बाटली बंद करून नव्हे.

नातीने जत्रा आटोपल्यावर आजोबांना डॉक्टरांकडे नेले. दाब वाढलेला निघाला, पण उशीर फार झाला नव्हता. परत आल्यावर तिने काही गोष्टी एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला चिकटविल्या. थेंब रात्री एकच. चुकला म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घालायचे नाहीत, कारण हे औषध जास्त वेळा घातले तर त्याचा गुण उलट कमी होतो. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर बोटाने दाबायचा, म्हणजे औषध नाकात उतरत नाही. गालावर ओघळलेले पुसून टाकायचे, म्हणजे कातडी काळवंडत नाही. न उघडलेली बाटली शीतकपाटात ठेवायची. उघडलेली बाटली २५ अंश सेल्सिअसपर्यंत सहा आठवडे टिकते असे वेष्टणावर छापलेले असते, पण कोकणातल्या चैत्र-वैशाखात घर त्याहून बरेच तापते, म्हणून तीही आतच. बाटलीवर उघडल्याची तारीख घालायची.

आणि तिने एक काम स्वतःकडे ठेवले आहे. दर जत्रेला त्याच ओटीवर, त्याच सकाळच्या उन्हात ती आजोबांच्या दोन्ही डोळ्यांचे जवळून छायाचित्र काढते. उजव्या बुबुळातले तपकिरी कडे आता जवळजवळ काठापर्यंत पोचले आहे. यंदा डॉक्टरांनी डाव्या डोळ्यातही तोच थेंब सुरू करायला सांगितला आहे.